फुटबॉल क्लबच्या अभ्यासिकेत मुलाला पाठवावे का?

प्रश्न : आम्ही मूळचे कोल्हापूरचे. गेली काही वर्षे उत्तर इंग्लंडमधील एका शहरात राहतो. आमचा मुलगा साडेनऊ वर्षांचा असून इयर फाइव्हमध्ये शिकतो. गणितात तो मागे आहे, इंग्रजी वाचनही अडखळत करतो. गेल्या आठवड्यात त्याच्या शाळेने एक फॉर्म पाठवला. गावातल्या फुटबॉल क्लबच्या स्टेडियममध्ये शाळा सुटल्यावर चालणाऱ्या अभ्यास केंद्रासाठी त्याची निवड झाली आहे. आठवड्यातून एकदा दोन तास, असे दहा आठवडे जायचे आहे. फी नाही. मुलगा आनंदाने वेडा झाला आहे आणि "मला क्लबने निवडले" असे आजी-आजोबांना फोनवर सांगत सुटला आहे. माझ्या मिस्टरांना मात्र हे पसंत नाही. त्यांच्या लहानपणी पेठेतली कितीतरी मुले फुटबॉलच्या नादाने शाळेला मुकली, असे ते म्हणतात. त्यांच्या मते त्यापेक्षा इलेव्हन प्लसची, म्हणजे माध्यमिक शाळेच्या निवड परीक्षेची, शिकवणी लावावी. मला वेगळीच काळजी वाटते. अशा केंद्रात फक्त 'कच्ची' मुले पाठवतात, असे शेजारच्या बाईंनी सांगितले. मग त्याच्यावर तो शिक्का बसणार नाही का? आणि घरी आम्ही मराठी बोलतो म्हणून तो मागे पडला असेल का? काय करावे?

– एक आई, इंग्लंड

उत्तर :

ताई, नमस्कार.

तुमच्या मुलाला जरूर पाठवा. हे आधीच सांगते, कारण अशा केंद्रांमधील जागा थोड्या असतात, आणि आपण घरात विचारविनिमय करत राहिलो तर ती जागा दुसऱ्या मुलाला दिली जाते. पाठवण्यापूर्वी शाळेला चार गोष्टी विचारायला हव्यात आणि मुलाशी एका बाबतीत स्पष्ट बोलायला हवे. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिते.

मिस्टरांच्या मनातील शंका दूर होण्यासाठी हे केंद्र म्हणजे काय, हे प्रथम समजून घेऊ. फुटबॉल क्लबमध्ये अभ्यासिका चालवण्याची कल्पना इंग्लंडमध्ये 1997 साली सरकारी पातळीवर आली. त्या वर्षी निवडून आलेल्या मजूर पक्षाच्या सरकारात डेव्हिड ब्लंकेट हे शिक्षणमंत्री होते. त्यांच्या खात्याने प्रीमियर लीग, फुटबॉल लीग, त्या त्या ठिकाणचे क्लब आणि स्थानिक शिक्षण विभाग यांना एकत्र आणून 'प्लेइंग फॉर सक्सेस' नावाची योजना सुरू केली. साधारण नऊ ते चौदा वर्षांच्या, वाचन, लेखन आणि गणित यांत वयाच्या मानाने मागे राहिलेल्या मुलांना शाळा सुटल्यावर काही आठवडे क्लबच्या मैदानावर बोलवायचे आणि तिथे संगणकाच्या साहाय्याने, लहान गटात, अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली त्यांचा अभ्यास करून घ्यायचा, असे तिचे स्वरूप होते. पुढे रग्बी आणि क्रिकेटच्या क्लबांनीही अशी केंद्रे उघडली. 2010 मध्ये सरकार बदलले आणि 2011 मध्ये या योजनेसाठी राखून ठेवलेला केंद्रीय निधी थांबला. काही केंद्रे तेव्हा बंद पडली. काही क्लबांच्या धर्मादाय संस्थांनी, स्थानिक परिषदांनी आणि शाळांनी आपापल्या परीने हे काम वेगळ्या नावाने चालू ठेवले. म्हणूनच आज दोन गावांतील दोन केंद्रे अगदी सारखी असतील असे नाही, आणि तुम्ही चौकशी करूनच होकार द्यावा, असे मी म्हणते ते त्यासाठीच.

आता, अभ्यासासाठी फुटबॉलचे मैदान कशाला, हा तुमच्या मिस्टरांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे एक उत्तर जागेत आहे. इथले जुने क्लब कामगार वस्त्यांमध्ये वाढले. ईशान्य इंग्लंडमधील संडरलँड क्लबचे आजचे स्टेडियम 1997 साली उघडले, ते मंकवेअरमथच्या बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीच्या जागेवर उभे आहे. ज्या भागातील मुलांना शाळेबाहेर शिकवणीची किंवा शांत खोलीची सोय क्वचितच मिळते, त्याच भागात स्टेडियम असते आणि सामन्याचे दिवस सोडले तर त्याच्या इमारतीतील प्रशस्त, उबदार खोल्या आठवडाभर रिकाम्या असतात. दुसरे उत्तर मुलांच्या मनात आहे. शाळेच्या वर्गात ज्याला रोज आपण मागे असल्याची जाणीव होते, त्याला त्याच वर्गात आणखी एक तास बसवले तर तो आणखी मिटतो. तोच मुलगा खेळाडूंच्या दारातून आत जातो, गळ्यात क्लबचे ओळखपत्र घालतो आणि खिडकीतून हिरवेगार मैदान पाहत बसतो, तेव्हा तो आपल्या अपयशाचा सारा इतिहास बाहेर ठेवून आलेला असतो. या योजनेचे मूल्यमापन इंग्लंडच्या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन संस्थेने अनेक वर्षे केले. त्यात गणितातील आणि संगणक वापरण्यातील प्रगती स्पष्ट दिसली. मुलांचा स्वतःवरील विश्वास वाढल्याचेही आढळले. वाचनातील प्रगती मात्र तितकी एकसारखी नव्हती. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा, तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

संडरलँडविषयी एक गोष्ट तुमच्या मिस्टरांना आवर्जून सांगा. तो क्लब 1879 मध्ये जेम्स ॲलन नावाच्या शाळामास्तराने स्थापन केला आणि आरंभी तो त्या परिसरातील शिक्षकांचाच क्लब होता. शाळा आणि फुटबॉल यांचे वैर असते, हा समज त्या गावाच्या इतिहासाला तरी धरून नाही. आज त्याच क्लबची 2001 साली स्थापन झालेली 'फाउंडेशन ऑफ लाइट' ही संस्था स्टेडियमशेजारी 'बीकन ऑफ लाइट' नावाच्या मोठ्या इमारतीत शिक्षणाचे काम करते. लिव्हरपूलमधील एव्हर्टन क्लबच्या संस्थेने तर शाळेत न रुळलेल्या मुलांसाठी 2012 मध्ये स्वतःची शाळाच काढली.

आत गेल्यावर मुले काय करतात, हे पालकांना सहसा दिसत नाही, म्हणून एक नमुना देते. तुमचा मुलगा गणितात कुठे अडतो हे तुम्ही लिहिलेले नाही, पण इयर फाइव्हच्या मुलांना बहुधा ऋण संख्या, कोन आणि अपूर्णांक जड जातात. समजा, ऋण संख्या शिकवायच्या आहेत. वर्गात फळ्यावर उणे बारा लिहिले तर ती मुलाला नुसती एक खूण वाटते. इथे शिक्षक लीगचा तक्ता समोर ठेवतात. एका संघाने हंगामात 41 गोल केले आणि 53 गोल खाल्ले, तर त्याच्या नावापुढे उणे 12 लिहिलेले असते. शेजारच्या संघाच्या नावापुढे उणे 7 आहे. दोघांचे गुण समान असतील तर वर कोण? ज्या मुलाने शनिवारची संध्याकाळ हा तक्ता पाहण्यात घालवली आहे, तो पटकन उत्तर देतो. उणे 7 ही उणे 12 पेक्षा मोठी संख्या आहे, हे त्याला आधीच ठाऊक असते. ते गणित आहे, एवढेच त्याला कोणी सांगितलेले नसते.

कोनांचेही तसेच. गोलपोस्टच्या दोन खांबांमधील अंतर 7.32 मीटर असते आणि पेनल्टीचा ठिपका गोलरेषेपासून 11 मीटरवर असतो. त्या ठिपक्यावर उभे राहून दोन्ही खांबांकडे दोऱ्या ताणल्या की त्यांच्यामध्ये साधारण 37 अंशांचा कोन होतो. तिथून मागे सरकत दुप्पट अंतरावर, म्हणजे 22 मीटरवर गेले की तोच कोन साधारण 19 अंशांवर येतो. मुले हे कागदावर प्रमाणात काढतात, कोनमापकाने मोजतात आणि दूरवरून मारलेला गोल का अवघड असतो, हे आपापल्या शब्दांत लिहितात. त्या लिहिण्यात इंग्रजीचा अभ्यास येतो. मैदानाची लांबी 105 मीटर आणि रुंदी 68 मीटर धरून क्षेत्रफळ काढणे, तिकिटांच्या विक्रीवरून शेकडेवारी काढणे, खेळाडूला विचारायचे प्रश्न तयार करणे, सामन्याचे वृत्त लिहून ते संगणकावर मांडणे, अशा कामांतून दोन तास कसे जातात हे मुलांना कळत नाही. चांगल्या केंद्रात दोन तासांतील फार थोडा वेळ खेळण्यात जातो, काही ठिकाणी तर अजिबात जात नाही.

आता शिक्क्याविषयी. शेजारच्या बाईंनी सांगितले ते अर्धे खरे आहे. या केंद्रांसाठी शाळा मागे राहिलेल्या मुलांचीच प्रामुख्याने निवड करते, आणि ते तसेच असायला हवे, नाहीतर आधीच पुढे असलेली मुले ही जागा घेतील. पण शिक्का बसतो का, हा प्रश्न मुलांच्या बाजूने पाहायला हवा. मूल्यमापनात आढळले ते असे, की केंद्रात जाणाऱ्या मुलांना लाज वाटत नव्हती, उलट आपल्याला काहीतरी खास मिळाले असे त्यांना वाटत होते, आणि वर्गातील इतर मुलांना त्यांचा हेवा वाटत होता. तुमचा मुलगा आजी-आजोबांना ज्या सुरात फोन करतो आहे, तो सूर हेच सांगतो. शिक्का बसलाच तर तो घरातील बोलण्यातून बसण्याची भीती मला अधिक वाटते. "तुला गणित येत नाही म्हणून तिथे पाठवतो आहोत" असे एखादे वाक्य पाहुण्यांसमोर बोलले गेले की दहा आठवड्यांत कमावलेले दहा मिनिटांत जाते. त्याच्यासमोर 'कच्चा' हा शब्द कोणीही वापरू नये, एवढे घरात ठरवून टाका, आणि कोल्हापूरच्या मंडळींनाही फोनवर तसे सांगा.

त्याच्याशी स्पष्ट बोलण्याची बाब इथेच येते. "मला क्लबने निवडले" असे तो म्हणतो तेव्हा त्याच्या मनात नेमके काय आहे, हे शांतपणे विचारा. इंग्लंडमधील क्लबांच्या ॲकॅडमी आठ-नऊ वर्षांच्या मुलांना खेळाडू म्हणून नोंदवून घेतात, आणि शाळेतल्या मुलांमध्ये त्याची चर्चा सतत चालू असते. अभ्यास केंद्रातून आपण ॲकॅडमीत जाऊ, एखादा प्रशिक्षक आपल्याला पाहील, असे त्याला वाटत असेल, तर त्याचा तो समज पहिल्या दिवसाच्या आधीच दूर करायला हवा. केंद्राचा आणि खेळाडूंच्या निवडीचा काहीही संबंध नसतो. हे त्याला चौथ्या आठवड्यात स्वतःहून कळले, तर तो हिरमुसून जायचे सोडून देईल आणि घरातली माणसे आपल्याला फसवतात, असेही त्याला वाटेल. त्याला सांगावे, की शाळेने तुझे नाव दिले कारण तुला मदत केली तर तू पुढे जाशील असे तुझ्या बाईंना वाटते, आणि क्लबने त्यासाठी आपली जागा दिली. हे खरे आहे, आणि दहा वर्षांच्या मुलाला ते ऐकायला वाईटही वाटत नाही.

तुमच्या मिस्टरांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल यांसारख्या तालमींचे फुटबॉल संघ म्हणजे पेठेचा जीव की प्राण. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठ ओस पडते. त्या वातावरणात वाढलेल्या माणसाने शाळा बुडवून मैदानावर गेलेली, पुढे ना खेळात ना शिक्षणात काही करू शकलेली मुले डोळ्यांनी पाहिलेली असतात, तेव्हा त्यांची भीती अनुभवातून आलेली आहे. पण त्याच अनुभवाची दुसरी बाजू त्यांनीच आठवावी. पेठेतील पोरांवर तालमीतल्या वडीलधाऱ्याच्या शब्दाचे जे वजन असे, ते शाळेतल्या मास्तरांच्या शब्दाला नेहमीच असे का? तालमीतल्या त्या माणसाने संध्याकाळी पोरांना पुस्तक घेऊन बसवले असते, तर किती पोरे बसली असती? हे केंद्र नेमके तेच करू पाहते. ज्या जागेची ओढ मुलाला आहे, त्याच जागेत त्याला वही उघडायला लावते. मला वाटते, पहिल्या दिवशी मुलाला सोडायला तुम्ही न जाता मिस्टरांनीच जावे, केंद्रप्रमुखांना भेटावे आणि खोली पाहून यावे. फुटबॉल समजणारा बाप ही या बाबतीत मोठी जमेची बाजू आहे. रविवारी सामना पाहताना गोलफरकाचा हिशेब मुलाला करायला लावणे त्यांना जितके सहज जमेल, तितके दुसऱ्या कोणाला जमणार नाही.

फॉर्मवर सही करण्यापूर्वी शाळेला काय विचारायचे, ते सांगते. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा, की केंद्रात शिकवणारी व्यक्ती पात्रताधारक शिक्षक आहे का. मूळ योजनेत केंद्राचा प्रमुख अनुभवी शिक्षक असे आणि त्याच्या हाताखाली महाविद्यालयीन तरुण मार्गदर्शक म्हणून काम करत. निधी आटल्यावर काही ठिकाणी ही साखळी सैल होण्याचा धोका असतो. फुटबॉलचे प्रशिक्षक मनाने कितीही चांगले असले, तरी अपूर्णांक कुठे अडला आहे हे ओळखणे हे प्रशिक्षित शिक्षकाचे काम आहे. शाळेकडून उत्तर मोघम आले, तर पुन्हा विचारा. त्यानंतर विचारावे, की मुलाच्या वर्गशिक्षिका केंद्राला काय कळवणार आहेत आणि केंद्र त्यांना काय कळवणार आहे. आरंभी एक छोटी चाचणी आणि शेवटी तशीच दुसरी चाचणी घेतली जाणार असेल, तर दोन्हींचा निकाल आपल्याला मिळावा, असे आताच सांगून ठेवा. एका शिक्षकामागे किती मुले असतील, हेही विचारा. मुलांबरोबर काम करणाऱ्या सर्व प्रौढांची डीबीएस तपासणी, म्हणजे गुन्हेगारी पार्श्वभूमीची सरकारी पडताळणी, झालेली आहे ना, शाळेतून स्टेडियमपर्यंत मुलांना कोण आणि कशाने नेणार, आणि मधल्या आठवड्यात घरच्या मैदानावर सामना असेल तर त्या दिवशी केंद्र कधी भरणार, हे व्यवहाराचे प्रश्न आहेत. ते विचारायला संकोच वाटू देऊ नका. आपल्याकडील अनेक पालक परदेशात शाळेला प्रश्न विचारायला कचरतात, आपले इंग्रजी नीट नाही किंवा आपण आगाऊ वाटू, अशा समजुतीने गप्प बसतात. इथल्या शाळांना प्रश्न विचारणारे पालक हवे असतात. बोलण्याची अडचण वाटली तर ईमेल लिहा.

शिकवणीचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यात थोडे थांबावे, असे मी सुचवते. इलेव्हन प्लस ही निवड परीक्षा इंग्लंडच्या सर्व भागांत नसते, जिथे ग्रामर स्कूल, म्हणजे परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या सरकारी माध्यमिक शाळा, आहेत त्याच भागांत ती असते. उत्तर इंग्लंडमधील पुष्कळ गावांत ग्रामर स्कूल नाहीतच. तुमच्या पत्त्यावरून ज्या माध्यमिक शाळा मिळू शकतात, त्यांत अशी एखादी शाळा आहे का, हे आधी स्थानिक परिषदेच्या संकेतस्थळावर पाहा. नसेल तर वाद तिथेच मिटला. असेल, तरी ज्या मुलाचा पाया डळमळीत आहे त्याला वेगाने सोडवायच्या कोड्यांचा सराव देणे म्हणजे चालायला न शिकलेल्याला पळायला लावणे होय. परीक्षा साधारणपणे इयर सिक्सच्या सुरुवातीलाच, सप्टेंबरमध्ये असते, त्यामुळे घाई वाटणे मी समजू शकते. तरीही हे दहा आठवडे त्याला एकाच गोष्टीवर लक्ष देऊ द्यावे. शाळा, केंद्र आणि वर शिकवणी, अशा तिहेरी ओझ्याखाली मुलगा तिन्हींचा कंटाळा करील. दहा आठवड्यांनंतर त्याचा पाया कुठवर आला ते पाहून शिकवणीचा निर्णय घेतला तर तो अधिक जाणतेपणाने घेतला जाईल.

आता मराठीविषयी. घरी मराठी बोलण्यामुळे मूल मागे पडत नाही. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाला एका भाषेतील काही शब्द उशिरा येऊ शकतात, पण घरची भाषा भक्कम असेल तर तिच्या आधाराने दुसरी भाषा नीट बसते. आईवडील आपली भाषा सोडून तोडक्यामोडक्या इंग्रजीत मुलाशी बोलू लागले, तर मुलाला घरात ऐकायला मिळणारी भाषाच पातळ होते. गोष्ट सांगणे, "असे का झाले असेल?" असे विचारणे, भांडणाचे कारण समजावून सांगणे, हे सारे तुम्ही मराठीत जितक्या सखोलपणे करू शकता, तितके इंग्रजीत करता येणार नाही. ते चालूच ठेवा.

एका ठिकाणी मात्र दोन भाषांचा प्रत्यक्ष घोळ होतो, आणि तो बारकाईने पाहण्यासारखा आहे. इथे इयर फोरच्या अखेरीस मुलांची पाढ्यांची चाचणी होते. संगणकावर 25 प्रश्न येतात आणि प्रत्येक उत्तरासाठी सहा सेकंद मिळतात. तुमच्या मुलाने ती गेल्या उन्हाळ्यात दिली असेल. घरी मराठी पाढे पाठ केलेले मूल सात गुणिले सहा पाहून मनात "सात सक बेचाळीस" म्हणते. उत्तर बरोबर असते. पण बेचाळीस म्हणताना कानाला दोन आधी ऐकू येते आणि चाळीस नंतर, तर इंग्रजीत चाळीस आधी आणि दोन नंतर. घाईत काही मुले 42 ऐवजी 24 लिहून मोकळी होतात, आणि शिक्षिकेला वाटते की पाढाच येत नाही. तुमच्या मुलाच्या जुन्या वह्या काढून पाहा. अंकांची अशी अदलाबदल वारंवार दिसली, तर पाढे बंद करू नका. पाढा म्हणताना उत्तर लगेच अंकांत लिहायला लावा. आठवडा-दोन आठवडे हा सराव केला की हात आपोआप वळतो. केंद्रातील शिक्षकांनाही हे कळवा. मराठीतील आकड्यांची ही रीत त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही, आणि कळली तर ते मुलाच्या चुकीकडे वेगळ्या नजरेने पाहतील.

वाचनाकडे येते. आधी म्हटल्याप्रमाणे अशा केंद्रांत गणित जितके सुधारते, तितके वाचन दर वेळी सुधारतेच असे नाही. त्याचे कारण मला असे वाटते, की गणितातील एखादी गाठ दोन तासांत सुटू शकते, वाचनाला मात्र रोजची थोडी थोडी सवय लागते आणि ती दहा संध्याकाळींत पुरी होत नाही. तो भार घरावर येतो. रोज रात्री पंधरा मिनिटे त्याने मोठ्याने वाचावे आणि तुमच्यापैकी एकाने शेजारी बसून ऐकावे. कोणते पुस्तक, याचा आग्रह धरू नका. क्लबच्या सामन्याचे वर्तमानपत्रातील वृत्त, सामन्याच्या दिवशी मिळणारी पुस्तिका, एखाद्या खेळाडूचे मुलांसाठी लिहिलेले चरित्र, काहीही चालेल. अडला तर शब्द सांगून पुढे जाऊ द्या. प्रत्येक चुकीला थांबवले की वाचनातला रस जातो. पान संपल्यावर काय वाचले ते मराठीत सांगायला लावा. त्याला समजले किती आणि नुसते उच्चारले किती, हे तुम्हाला लगेच कळेल, आणि तुमच्या इंग्रजीची अडचणही येणार नाही. सार्वजनिक ग्रंथालयाचे सदस्यत्व इथे विनामूल्य असते. नसेल घेतले तर या शनिवारी घ्या.

आणखी एक सूचना करते, ती ठळक मनात ठेवा. केंद्राला शिक्षेचे हत्यार बनवू नका. "पसारा आवरला नाहीस तर या आठवड्यात क्लबमध्ये पाठवणार नाही" असे बोलण्याचा मोह होईल, कारण मुलाला जे सर्वाधिक आवडते तेच हातात धरून त्याला वळण लावणे सोपे वाटते. पण मुलाच्या लेखी ते केंद्र जितके आनंदाचे, तितकेच अभ्यासाचेही आहे, आणि अभ्यास काढून घेणे ही शिक्षा असू शकत नाही. शिवाय दहांपैकी दोन वेळा चुकल्या तर शिकवण्याचा धागाच तुटतो.

हिवाळ्याच्या दिवसांत तिकडे चारच्या सुमारास काळोख पडतो. त्या दिवशी मुलगा शाळेतून थेट स्टेडियमवर जाणार, घरी यायला त्याला साडेपाच-सहा वाजणार. इथल्या शाळेत दुपारचे जेवण बाराच्या सुमारास होते, त्यामुळे साडेतीनला पोटात कावळे ओरडू लागतात आणि भुकेल्या मुलाच्या डोक्यात काही शिरत नाही. डब्यात जास्तीची पोळीची गुंडाळी किंवा थालीपीठ द्या. शेंगदाण्याचा लाडू किंवा चटणी मात्र देऊ नका. ॲलर्जीमुळे अनेक शाळांत आणि केंद्रांत शेंगदाण्याला मनाई असते. घरी आल्यावर "आज काय शिकलास?" असे लगेच विचारू नका. जेवताना तो आपणहून सांगेल, आणि बहुधा सुरुवात खेळाडूंच्या खोलीत कोणाचा शर्ट टांगलेला होता इथपासून करील. ऐकून घ्या. त्याच बोलण्यात पुढे कोन आणि टक्केवारी येतात.

दहा आठवडे संपल्यावर काय, याचा विचार आताच करून ठेवा, कारण पुष्कळ पालक इथेच थांबतात. केंद्राचा अहवाल मागून घ्या आणि तो घेऊन वर्गशिक्षिकेची वेळ मागा. केंद्रात ज्या पद्धतीने त्याला गणित समजले, त्या पद्धतीचा शाळेत काही उपयोग होईल का, हे विचारा. केंद्रातील यश शाळेच्या वर्गात पोचले नाही, तर ते पुढच्या सत्रात ओसरते. गणित सुधारले आणि वाचन आहे तिथेच राहिले, तर ते केंद्राचे अपयश समजू नका, ती एक माहिती समजा आणि तिच्यावर लगेच काम सुरू करा. प्रथम डोळे तपासून घ्या. सोळा वर्षांखालील मुलांची नेत्रतपासणी राष्ट्रीय आरोग्य सेवेत विनामूल्य होते. डोळे ठीक असतील तर शाळेतील विशेष गरजा समन्वयकांना, ज्यांना इथे सेंको म्हणतात, भेटण्याची वेळ लेखी मागा. मुलगा मराठी बोलताना शब्दांतील आवाज वेगळे करू शकतो का, यमक जुळवू शकतो का, देवनागरी अक्षरे शिकवली असतील तर तीही त्याला जड जातात का, याची नोंद करून भेटीला जाताना सोबत न्या. दोन्ही भाषांत सारखीच अडचण दिसली तर डिस्लेक्सियाच्या, म्हणजे वाचन-लेखनातील विशिष्ट अडचणीच्या, दृष्टीने तपासणी व्हावी, अशी विनंती करा. अडचण फक्त इंग्रजीत असेल, तर त्याला बहुधा सरावाची आणि वेळेची गरज आहे, आणि तसे शाळेनेच तुम्हाला लेखी सांगावे. ही भेट इयर फाइव्ह संपण्यापूर्वी व्हायला हवी. इयर सिक्सच्या मे महिन्यात सॅट्स या राष्ट्रीय परीक्षा असतात, आणि त्या वर्षात शाळेला कोणत्याही एका मुलाकडे सावकाश पाहायला वेळ मिळत नाही.